इलेक्ट्रिक चेनसॉ घेताय? मशीनच्या आधी घरचा बोर्ड आणि वायर पाहा

कोरपना : कापूस घरात आला, पऱ्हाटी निघाली की आपल्याकडे लाकडाची कामं सुरू होतात. धुऱ्यावरची बाभूळ छाटायची, पावसाळ्याचं सरपण करून ठेवायचं, कोठ्याच्या बल्ल्या बदलायच्या. मजूर वेळेवर मिळत नाही, म्हणून बरेच जण मोबाईलवर चेनसॉ पाहतात. पेट्रोलवाल्या मशीनमध्ये ऑइल मिसळायची कटकट, म्हणून विजेवरची घेतात. मीही घेतली आणि पहिल्याच महिन्यात मोटर जाळली. चूक मशीनची नव्हती, माझी होती.

झालं असं की घरातल्या साध्या बोर्डातून कोठ्यापर्यंत ३० मीटर पातळ वायर ओढली होती. मशीन सुरू झाली, पण जाड लाकडात दम सोडू लागली. मी वरून आणखी दाबली. थोड्या वेळात जळाल्याचा वास आला.

हिशोब सोपा आहे. १६ इंची पट्टीची मशीन साधारण १८०० ते २२०० वॉटची असते. २००० वॉटला २३० व्होल्टने भागलं तर जवळपास ९ अँपिअर येतात. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा. म्हणून १६ अँपिअरचा पॉवर सॉकेटच हवा. वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा. पातळ वायरमध्ये व्होल्टेज पडतं, साखळी अडकते, मोटर तापते. संध्याकाळी गावात व्होल्टेज आधीच कमी असतं, म्हणून काम सकाळी करा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवून घ्या. साखळीखाली वायर आली तर तोच जीव वाचवतो.

शेतात काय? पंपाची लाइन थ्री फेज, तीही ठरलेल्या वेळेतच. तिथून जुगाड करून मशीन चालवू नका. वायरची मशीन अंगण आणि दुकानासाठी, शेतासाठी बॅटरीची किंवा पेट्रोलची.

बॅटरीवाली घेताना व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॉट-तास. एवढ्या साठ्यावर २००० वॉटची मोटर दोन-सव्वादोन मिनिटंच चालेल. त्यामुळे लहान बॅटरीची मशीन फांद्या छाटायला ठीक, खोड पाडायला नाही. स्वस्त मशीनवर ४८ किंवा ८८ असे आकडे छापलेले असतात. आत पाच सेल एका ओळीत असतील, तर पूर्ण चार्ज झाल्यावरही २१ व्होल्टच मिळतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बॅटरी टिनाच्या शेडखाली ठेवू नका. गरम बॅटरी लगेच चार्जिंगलाही लावू नका.

सुतार भावांसाठी एक गोष्ट. चेनसॉ ओंडक्याचे तुकडे करायला चांगली. पण फळी चिरायला ती नव्हे. साखळी ६-७ मिलिमीटर लाकूड भुसा करून टाकते. जुन्या बंडीच्या लाकडात खिळा असेल तर साखळीची धार एका झटक्यात जाते, आधी नीट पाहून घ्या. बाभूळ ओली असतानाच कापा, वाळल्यावर ती मशीनलाही जड जाते.

विजेची असली तरी साखळीला ऑइल लागतंच. टाकी रिकामी ठेवून चालवली तर पट्टी घासून जाते. घेताना दुकानदाराला चार गोष्टी विचारा : चेन ब्रेक आहे का, ऑइल आपोआप येतं का, याच मापाची साखळी गडचांदूर-राजुऱ्यात मिळते का, आणि धारेला किती मिलिमीटरची कानस लागते. थ्री-एट लो प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटरची लागते.

चालवताना पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, मशीन झटक्यानं तोंडाकडे उसळते. दोन्ही हातांनी धरा. गळ्यात दुपट्टा नको, पायात बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. साखळी ताणताना आधी प्लग काढा. पाऊस असेल तर मशीन बाहेर काढू नका.

शेवटची गोष्ट, आपण जंगलाच्या जिल्ह्यात राहतो. मशीन घेतली म्हणजे झाड तोडायची परवानगी मिळाली असं नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर अशी झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सागाचं लाकूड न्यायला वाहतूक परवानाही लागतो. आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा, मग मशीनचा प्लग लावा. मोटर जळाली तर दुरुस्त होते, केस लागली तर वर्षानुवर्षं तारखा कराव्या लागतात.