दोष थंडीचा की आपला?
(पहाटेचा प्रवास आणि गाडीचा क्लच)

डिसेंबर लागला की आपल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतील बौद्धवाड्यांत दोन प्रवासांची तयारी सुरू होते. पहिला ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीचा आणि दुसरा १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाचा. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी त्या स्तंभाला भेट दिली होती. त्या आठवणीने आपली माणसे लेकराबाळांसह जीप, टेम्पो भाड्याने घेऊन निघतात. शहापूरकडची मंडळी किन्हवली, सरळगावमार्गे येतात. पुढे टोकावडे, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, चाकण, शिक्रापूर असा रस्ता. निघायची वेळ पहाटेची आणि थंडी अंगात भरणारी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे आमची जीप माळशेज घाटात अडकली. इंजिन ओरडत होते, पण गाडी पुढे सरकत नव्हती. जळकट वास सुटला. बायका-मुलांना खाली उतरवून दगड लावले. कोणी म्हणाले, "थंडीने क्लच गेला." कोणी म्हणाले, "निघताना नारळ फोडला नाही, लिंबू-मिरची बांधली नाही." हे बोलणारे आपल्यातलेच होते, याचे वाईट वाटले.

चार दिवसांनी त्या ड्रायव्हरची आई माझ्याकडे आली. पोरगा आमच्याच वाडीतला, जीप मात्र दुसऱ्याची. मालकाने क्लच प्लेटचे पैसे त्याच्या पगारातून कापायचे ठरवले होते. माउली म्हणाली, "दादा, थंडी पडली त्याचा दंड माझ्या पोराने का भरायचा?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. म्हणून गाडी उघडणाऱ्या मिस्त्रीला भेटलो, नंतर दोन-तीन गॅरेजवाल्यांशी बोललो. जे समजले ते येथे मांडतो.

आधी क्लच म्हणजे काय ते पाहू. आपले दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबा. एक हात फिरवला की दुसरा त्याच्याबरोबर फिरतो. इंजिनाकडचे फिरणारे चाक म्हणजे फ्लायव्हील आणि गिअरपेटीकडे जोर नेणारी तबकडी म्हणजे क्लच प्लेट. स्प्रिंगच्या दाबाने ही दोन्ही एकमेकांना चिकटून फिरतात. पायाने पेडल दाबले की दाब सुटतो आणि इंजिन व गिअरपेटी वेगळी होतात. पेडल अर्धवट दाबून ठेवले, म्हणजेच 'हाफ क्लच' मारला, तर प्लेट चिकटतही नाही आणि सुटतही नाही, नुसती घासत राहते. थंडीत आपण तळहात घासतो ते ऊब यावी म्हणून. क्लच प्लेट घासली की तीही तापते, आणि फार तापली की जळते.

मग थंडी करते तरी काय? थंडीचा परिणाम होतो, हे खरे आहे. गिअरपेटीतले तेल गार होऊन दाट होते, म्हणून पहाटे पहिला-दुसरा गिअर जड पडतो. रात्रीच्या दवाने फ्लायव्हीलवर किंचित गंज धरतो आणि पहिल्या एक-दोन वेळा क्लच सोडताना गाडी थरथरते. हा ओलावा थोड्या घर्षणाने निघून जातो. केबलचा क्लच असेल तर केबलमधले जुने ग्रीस घट्ट होते, पाणी शिरून आत गंजलेली केबल अडकते आणि पेडल जड लागते. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये जुने रबर थंडीत अधिक ताठ होते आणि दिवसा कसेबसे तग धरणारे वॉशर पहाटे तेल सोडते. मग पेडल खाली जाते, पण नीट वर येत नाही.

परंतु आपल्याकडच्या थंडीचे मोठेपण किती? द्रास-लडाखकडे पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो आणि तिथेही क्लचच्याच गाड्या चालतात. क्लच-ब्रेकसाठी वापरतात ते डॉट ३ आणि डॉट ४ प्रतीचे तेल उणे ४० अंशांवर वाहते की नाही, याची चाचणी घेतलेली असते. आपली मुरबाडची पहाट त्या मानाने काहीच नाही. तेव्हा थंडी चांगला क्लच जाळत नाही. आधीच दुखणाऱ्या जागेवर ती बोट ठेवते, एवढेच.

मिस्त्रीने काढलेली प्लेट मी हातात घेऊन पाहिली. झिजून ती रिवेटपर्यंत आली होती. "हे एका पहाटेचे काम नाही," तो म्हणाला. पेडलला वरच्या बाजूला जो थोडा मोकळा खेळ, म्हणजे 'प्ले' असावा लागतो, तो अजिबात उरला नव्हता. त्यामुळे पाय उचललेला असतानाही प्लेट पुरती चिकटत नव्हती. हे मालकाने वेळेवर पाहायला हवे होते. दुसरे असे की, गार इंजिन जोर धरत नव्हते म्हणून ड्रायव्हरने रेस वाढवून चढावर हाफ क्लच मारला. ही त्याची चूक.

आणि तिसरी चूक माझी. प्रवासाचा हिशोब समितीने माझ्याकडे दिला होता. एका जीपचे भाडे वाचावे म्हणून मीच बारा जणांच्या गाडीत अठरा जण बसवले. कागदावर बचत छान दिसली. तो जादा भार घाटात त्या झिजलेल्या प्लेटवर पडला. मी बी.कॉम. झालो, जमा-खर्च जुळवण्यात माझा हात कोणी धरत नाही, पण हा खर्च मी लिहिलाच नव्हता.

तथागतांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून पाहा. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. तेच गाडीच्या बॉनेटखालीही लागू आहे. लिंबू-मिरचीला दोष देणे आणि थंडीला दोष देणे यात फार अंतर नाही. दोन्हीत खरे कारण शोधायचे राहून जाते आणि भुर्दंड बसतो तो सर्वांत गरिबाला.

म्हणून गाडी चालवणाऱ्या बांधवांनी एवढे करावे :

१. सेल्फ मारताना गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि क्लच पूर्ण दाबलेला असावा. त्यामुळे गिअरपेटीतले दाट तेल ढवळण्याचा भार सेल्फवर आणि बॅटरीवर येत नाही. गाडी सुरू झाली की क्लच हळू सोडून अर्धा-एक मिनिट थांबावे. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे.

२. चढावर थांबायचे असेल तर हँडब्रेक लावावा, क्लचवर गाडी तोलून धरू नये. चालताना पाय पेडलवर ठेवू नये.

३. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये, क्लच दाबून ठेवू नये. गाडी गिअरमध्येच उतरवावी. येथे प्रश्न पैशाचा नसून प्राणांचा आहे.

४. इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, रिव्हर्स पडताना करकर होते, जळका वास येतो, यांपैकी काहीही दिसले तर घाट चढण्याआधी गॅरेज गाठावे.

५. क्लचचे तेल हवेतला ओलावा शोषते. ते काळे पडेपर्यंत ठेवू नये, साधारण दोन वर्षांनी बदलावे. गिअर ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच घालावे. ८०डब्ल्यू-९० यातील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात थंडी. थंडीत तेल कसे वाहते ते त्याच्या आधीचा आकडा सांगतो.

माता-भगिनींनाही विनंती आहे. आर.सी. बुकात लिहिलेल्या आसनांपेक्षा जास्त माणसे बसत असतील तर तिथेच थांबवा. पैसे वाचवणारा माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला स्पष्ट सांगा. तुमच्या मांडीवर लेकरू असते.

त्या माउलीला शेवटी उत्तर मिळाले. मिस्त्रीला सोबत घेऊन मालकाशी बोललो. खर्चाचे तीन हिस्से झाले. एक मालकाने सोसला, एक समितीने वर्गणीतून दिला, एक पोराने भरला. समितीच्या हिश्श्यातली निम्मी रक्कम मी माझ्या खिशातून घातली. आता आमच्या वाडीत प्रत्येक भाड्याच्या गाडीसाठी एक वही आहे. तेल कधी बदलले, प्ले कधी तपासला, माणसे किती बसली, हे निघण्याआधी त्यात लिहिले जाते. त्या वहीत 'थंडी' असा रकाना आम्ही ठेवलेला नाही.

जय भीम!