मोटार नाही, मग ओढतो कोण?

माथेरानला पाहुण्याची मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. रुग्णवाहिका व अग्निशामक बंब सोडून गावात वाहनांना मज्जाव केला, बांधकामावर बंधने घातली. बंदी योग्यच. झाडीखाली धूर नाही तो तिच्यामुळेच. पण पाहुण्याचे ओझे गेले कुठे? ते हातरिक्षावाल्याच्या छातीवर पडले. तांबड्या मातीच्या चढावर माणूस माणसाला ओढीत राहिला, आणि आपण हवा किती शुद्ध म्हणून वाखाणीत बसलो!

२०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असे फर्माविले. मला मोलाचे वाटते ते पुढचे वाक्य. खरे ओढणारे शोधून त्यांनाच विजेवरच्या रिक्षा भाड्याने द्याव्यात. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.