घड्याळातील चार

शिरवळास आमच्या ओटीवरील जुन्या घड्याळावरून मुले रोमन अंक शिकतात. परवा धाकट्या चिरंजीवांनी चार म्हणून चार उभ्या रेघा काढल्या. शाळेत ती चूक ठरली व स्वारी रडवेली होऊन घरी आली. पुस्तकात ‘व्ही’च्या डावीस ‘आय’, म्हणजे पाचांतून एक वजा. घड्याळावर मात्र चार रेघाच! प्राचीन रोमन लोक दोन्ही रीतींनी लिहीत. पुष्कळ घड्याळकारांनी रेघांची रीत राखली. मौज ही की, त्याच तबकडीवर नऊ मात्र वजाबाकीने, ‘एक्स’च्या डावीस ‘आय’ असे येतात. वसई सर झाली ते १७३९ साल लिहावयास एम, डी, दोन सी, तीन एक्स, आय, एक्स अशी नऊ अक्षरे खर्ची पडतात. आपल्या अंकांत स्थानमूल्यामुळे चारांत भागते. चिरंजीवांस आम्ही शाळेत पुस्तकाप्रमाणे लिहावयास सांगितले आहे. घड्याळ अर्थात तसेच राहील.