सोलवटलेला ओठ

दिवाळी उलटली की संभाजीनगरची हवा कोरडी पडू लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की घराघरांत कूलर सुरू होतात. मुंबईत कूलर फारसा उपयोगाचा नाही, इथे मात्र खोली गार करतो, कारण इथल्या हवेला पाण्याची तहान असते. जाळीवरचं पाणी ती झपाट्याने उडवून नेते. ओल्या ओठावरचंही.

थंडीत ओठ उलणं कोणाला चुकलेलं नाही. साजूक तूप, साय किंवा खोबरेल लावलं की चार-आठ दिवसांत ते मिटतं. हा लेख त्यापुढच्या दुखण्याबद्दल आहे. ओठावर महिनोन्महिने पापुद्रे सुटतात, खपली धरते, साल निघतं, खाली लालबुंद मांस दिसतं आणि पुन्हा पापुद्रा येतो. मलमं, लिपबाम, जीवनसत्त्वाच्या गोळ्या सगळं करून झालेलं असतं.

ओठाच्या लाल भागाला घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या ग्रंथी नसल्यातच जमा. वरचा संरक्षक थरही गालाच्या त्वचेपेक्षा बराच पातळ. म्हणजे ओलावा धरून ठेवायला स्वतःचं काहीच नाही. म्हणून जीभ फिरते. लाळ दोन क्षण बरी वाटते, मग उडून जाते आणि ओठ आधीपेक्षा कोरडा होतो. शिवाय लाळेतली अन्न पचवणारी विकरं त्या पातळ थराला चुरचुरतात. पुन्हा जीभ फिरते.

ओठ बिघडलाय नेमका कुठे, हे आधी आरशात नीट बघावं. अर्धं निदान तिथेच होतं. ओठाबाहेरच्या त्वचेवरही लाल कडं उमटलं असेल, तर बहुधा चाटण्याची सवय. लहान मुलांत हे हमखास दिसतं. फक्त कोपरे चिरले असतील तर बुरशी, सैल कवळी, मधुमेह, लोह किंवा ‘ब’ जीवनसत्त्वांची कमतरता तपासावी लागते. खालच्या ओठावर एकाच जागी खडबडीत, पांढुरका डाग असेल, ओठ आणि त्वचा यांच्यामधली रेघ पुसट झाली असेल आणि माणसाचं आयुष्य शेतात उन्हात गेलं असेल, तर गोष्ट निराळी. तिच्याकडे शेवटी येतो. दोन्ही ओठ सगळीकडे जळजळत, सोलवटत असतील, तर संशय ओठाला लागणाऱ्या वस्तूंवर घ्यायचा.

या वस्तू किती असतात! टूथपेस्टमधला पुदिना, दालचिनी आणि फेस आणणारा साबणी घटक. लिपस्टिकमधलं एरंडेल आणि सुगंध. आणि खुद्द औषध म्हणून लावलेला लिपबाम: त्यातलं लॅनोलिन, मेन्थॉल, मधमाश्यांचं प्रोपोलिस, ऊन अडवणारी रसायनं, यांतलं काहीही एखाद्याला सोसत नाही. मराठवाड्याच्या केसर आंब्याचा हंगाम आला की आणखी एक कारण वाढतं. आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. आंब्याच्या देठाचा चीक आणि साल त्याच जातीचा त्रास देऊ शकतात. दातांनी साल सोलून आंबा चोखणाऱ्याचा ओठ मे महिन्यातच का बिघडतो, याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

म्हणून चिवट ओठावर पहिला इलाज वजाबाकीचा. सुगंधी सगळं बंद, पेस्ट बिनफेसाची आणि बिनचवीची, लिपस्टिक बाजूला, आणि ओठावर फक्त साधी पांढरी पेट्रोलियम जेली, दिवसातून अनेकदा, जेवणाआधीही. काही आठवडे एवढंच. मग एकेक वस्तू परत आणायची. हे कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते म्हणूनच फार थोडे लोक ते नेटाने करतात. नवी ट्यूब आणणं सोपं असतं. सुश्रुतसंहितेत वातज ओष्ठरोगाला तूप-तेलादी स्नेहांत मेण कालवून लावायला सांगितलंय. म्हणजे स्निग्ध पदार्थ आणि मेण. आजच्या चांगल्या लिपबाममध्येही याहून जास्त काही लागत नाही.

वजाबाकीनेही उलगडलं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट सुचवतात. संशयित द्रव्यांचे कण छोट्या चकत्यांत भरून पाठीवर पट्टीने चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि त्या वेळी व पुन्हा चौथ्या दिवशी वाचतात. लाल, खाजरी गाठ उठली तर ते द्रव्य सापडलं. आपला लिपबाम तसाच लावून पाहता येतो, टूथपेस्ट मात्र पातळ करावी लागते, नाहीतर ती कोणाच्याही पाठीला चुरचुरेल. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घामही नको. तेव्हा संभाजीनगरात ही तपासणी मे महिन्यात न करता हिवाळ्यात उरकलेली बरी.

तरीही काहींच्या बाबतीत काहीच सापडत नाही. ॲलर्जी नाही, बुरशी नाही, रक्त ठीक. उरतं ते एक्सफोलिएटिव्ह चिलायटिस. यात ओठावर केराटिनचा जाड थर चढतो, सुटतो, पुन्हा चढतो. ओठाचा एक भाग सोलत असतो तेव्हा दुसऱ्या भागावर नवा थर जमत असतो. बरेचसे रुग्ण तरुण असतात. अनेकांना ओठ चावण्याची, साल ओढण्याची सवय असते, काहींना मानसिक ताण असतो. हे संसर्गजन्य नाही. सगळ्यांना लागू पडेल असं एकच औषध नाही: कोणाला टॅक्रोलिमस मलम उपयोगी पडतं, कोणाला सवय सोडवणारं समुपदेशन, कोणाचं काही न करताही थांबतं.

साल ओढू नये, हे मात्र सगळ्यांना लागू. अर्धवट सुटलेला पापुद्रा ओढला की खालचा कच्चा थर उघडा पडतो, त्यातून लस पाझरते, ती वाळून खपली होते आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं. ओल्या मऊ कापडाने मऊ करून, आपोआप सुटेल तेवढंच सुटू द्यावं आणि वर जेली लावावी. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम मनाने लावू नये. आठवडाभर ओठ छान दिसतो, मलम सोडलं की दुप्पट बिघडतो, तोंडाभोवती पुरळही उठतं.

आता तो खालच्या ओठावरचा डाग. वर्षानुवर्षांच्या उन्हाने झालेला हा बदल पुढे कर्करोगात जाऊ शकतो, आणि विडी-तंबाखूने धोका वाढतो. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक गाठ किंवा सारखं रक्त येणं असेल, तर घरगुती उपाय थांबवून बायोप्सी करून घ्यावी. शहरात घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्वचारोग विभाग आहे आणि शासकीय दंत महाविद्यालयही इथेच आहे. केसपेपर काढायला जाताना घरातली टूथपेस्ट, लिपबाम, लिपस्टिक आणि आजवर लावलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब पिशवीत घालून न्या. डॉक्टर पहिल्यांदा त्याच मागतील.