परदेशात खरेदीआधी पैशांचा भाव करा!

‘घरी सांगू नकोस हं!’ बँकॉकच्या हॉटेलात मावशींनी माझा हात धरला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

२०२४च्या दिवाळीनंतर उरणच्या आमच्या बचत गटातल्या अकरा जणी थायलंडला गेलो होतो. मावशी करंजाच्या. सुकी मासळी विकून, तीन वर्षं भिशी लावून त्यांनी या सहलीचे पैसे जमवलेले. ‘या वयात कशाला परदेश?’ म्हणून मुलाने नाक मुरडलं, तरी त्या निघाल्या. वरखर्चाला पंचवीस हजार रुपये कमरेच्या पिशवीत होते. देशाबाहेर जाताना रुपयांच्या नोटा तेवढ्याच नेता येतात. विमानतळावर उतरल्यावर दिसलेल्या पहिल्याच खिडकीवर त्यांनी सगळ्या रुपयांचे बाट करून घेतले. दुसऱ्या दिवशी शहरातल्या दुकानाबाहेर भावाचा फलक पाहिला, हिशेब मांडला, तर तीन हजारांहून जास्त रुपयांचा खड्डा! नातवंडांची खेळणी त्या खिडकीतच राहिली.

चूक एकट्या मावशींची नव्हती. मी पासपोर्टपासून खाकऱ्यांपर्यंत सगळ्याची यादी केली होती. पैशांचं मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हटलं. परत आल्यावर मग बँकेत, ओळखीच्या जहाजावरच्या मुलांकडे चौकशी केली. मावशींनी परवानगी दिली, म्हणूनच हे लिहितेय.

मर्म मावशींनाच आधी कळलं. ‘अगो बाय, बंदरावर लिलावात घेतलेलं पापलेट मी बाजारात त्याच भावाने देते का?’ अगदी तसंच! पैसे बदलणाऱ्याच्या फलकावर दोन भाव असतात, एक घेण्याचा, एक विकण्याचा. मधला फरक हा त्याचा नफा. समजा, पेपरात डॉलर नव्वद रुपये आहे आणि तो चौऱ्याण्णवने देतोय, तर पाचशे डॉलरमागे दोन हजार गेले. विमानतळावर गिऱ्हाईक अडलेलं असतं, म्हणून तिथला भाव बहुधा सर्वांत वाईट. त्यातून आपल्या रुपयाला तिकडे मागणी कमी, त्यामुळे तो पडत्या भावानेच घेतात.

म्हणून निघण्याआधी आठवडाभर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या दुकानातच जा आणि पावती घ्या. पासपोर्ट, पॅनकार्ड, तिकीट सोबत हवं. पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रुपयांचं चलन घ्यायचं तर पैसे रोख चालत नाहीत, चेक किंवा खात्यातून द्यावे लागतात. ‘कर, फी सगळं धरून माझ्या हातात किती येणार?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा.

सगळी रोकड बाळगू नका. थोड्या नोटा आणि बाकीचे पैसे फॉरेक्स कार्डावर, हे बरं. त्यावर पैसे भरताना जो भाव, तोच पुढे राहतो. मात्र ज्या देशात जायचं, तिथलंच चलन भरा. डॉलर भरून बाटमध्ये खर्च केला तर वेगळा आकार पडतो. नेहमीचं डेबिट कार्ड नेणार असाल तर परदेशातला वापर आधी बँकेकडून सुरू करून घ्या आणि आकार विचारा. थायलंडमध्ये एटीएममधून दर वेळी पैसे काढताना दोनशे बाटहून जास्त फी कापली जाते. हजार-हजार काढण्यापेक्षा एकदाच काय ते काढावं.

आणखी एक मेख. दुकानात कार्ड दिलं की मशीन विचारतं, ‘रुपयांत कापू की इथल्या चलनात?’ रुपये दिसले की आपल्याला हायसं वाटतं. पण तो भाव दुकानदाराच्या बाजूने ठरवलेला असतो. नेहमी तिथलंच चलन निवडा.

उरलेल्या नोटा कपाटात ठेवू नका. परतल्यावर दोन हजार डॉलरपर्यंतच्या ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बदलाव्या लागतात. पण पडून राहिलेला पैसा काय कामाचा? मोड मात्र सहसा कोणी बदलून घेत नाही, म्हणून चहा-पाण्याला तिथेच संपवा.

आणि हो, कार्ड आपल्या स्वतःच्या नावाचं हवं. ‘ह्यांच्याकडे आहे ना’ म्हणून आपण वर्षानुवर्षं रिकाम्या पर्सने फिरलो. दहा डॉलरची वस्तू घ्यायलाही नवऱ्याकडे बघावं लागलं, तर ती कसली सहल?

गेल्या वर्षी दुबईला जायचं ठरलं, तेव्हा मावशी माझ्याबरोबर लोकलने नेरुळमार्गे वाशीला आल्या. दोन दुकानांतले भाव कागदावर लिहून घेतले. तिसऱ्या दुकानात काचेआडच्या मुलाने दिरहमचा भाव सांगितला, तशा मावशी पदर खोचून पुढे झाल्या. ‘तो झाला बोलायचा भाव. द्यायचा किती?’

मुलगा हसला आणि त्याने भाव उतरवला! या खेपेला खेळणी आली, मुलासाठी अत्तरही आलं. आणि घरी सगळं सांगायलाही मावशींना काही वाटलं नाही.