स्पंजाची ओळख

श्रोतेहो, स्नानाच्या वेळीं अंग चोळण्यासाठीं वापरतात तो नैसर्गिक स्पंज म्हणजे समुद्रांतील एका प्राण्याचा सांगाडा होय. हा प्राणी प्रौढपणीं एका जागीं चिकटून राहतो. त्याला तोंड नाहीं, डोळे नाहींत, मज्जातंतूही नाहींत. अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून तो पाणी आंत घेतो, त्यांतील जंतु व अन्नकण टिपतो आणि उरलेलें पाणी मोठ्या छिद्रांवाटे बाहेर सोडतो. अशा प्राण्यांच्या ९,००० हून अधिक जाति आजवर वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांतून एखादी जाति नेमकी कशी ओळखावी, हा आजचा विषय आहे.

हिंगोलीचे श्रोते म्हणतील, "आमच्यापासून समुद्र ४०० किलोमीटरांहून दूर, आम्हांस याचें काय?" परंतु स्पंजांची एक शाखा गोड्या पाण्यांत वस्तीस आलेली आहे, आणि ओळखण्याची रीत दोहोंची एकच. पूर्णेवरील सिद्धेश्वर किंवा पैनगंगेवरील इसापूर यांसारख्या जलाशयांच्या कांठीं, किंवा कयाधूच्या डोहांत, पाणी ओसरूं लागलें म्हणजे दगडांची खालची बाजू व बुडालेल्या फांद्या जिज्ञासूंनीं अवश्य तपासून पाहाव्या.

येथें पहिली अडचण अशी कीं, स्पंजाचें बाह्यरूप फसवें असतें. एकच जाति वाहत्या पाण्यांत पातळ पापुद्र्यासारखी पसरते, तर संथ पाण्यांत गोळ्यासारखी वाढते. उजेडांत अंगीं शेवाळ वाढल्यामुळें ती हिरवी दिसते, तर अंधारांत फिकट. म्हणून केवळ रंगरूपावरून नांव देऊं नये. खरी खूण शरीराच्या आंत असते. बहुतेक स्पंजांच्या अंगांत वाळूच्याच द्रव्याच्या, म्हणजे सिलिकेच्या, सूक्ष्म सुया असतात; त्यांना कंटिका म्हणतात. कांहीं सागरी स्पंजांत त्या चुन्याच्या असतात व सौम्य आम्लाचा थेंब पडतांच फसफसून विरघळतात. स्नानाच्या स्पंजांत मात्र कंटिका मुळींच नसतात. असतात ते केवळ लवचिक तंतु.

कंटिका पाहण्याची कृति सोपी आहे. नखाएवढा तुकडा कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचच्या द्रावणांत ठेवावा. मांसल भाग विरघळतो व कंटिका तळाशीं बसतात. त्या स्वच्छ पाण्यानें पुनःपुन्हां धुवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहाव्या. टोकें अणकुचीदार कीं बोथट, अंग गुळगुळीत कीं कांटेरी, आकार एकच कीं अनेक, हें टिपावें; आणि एकीवर न थांबतां निदान २०-२५ कंटिकांची लांबी मोजावी. गोड्या पाण्यांतील स्पंजांत आणखी एक खूण मिळते. प्रतिकूल काळ आला कीं त्यांच्या अंगांत मोहरीहूनही लहान, कठीण कवचाच्या कलिका तयार होतात. मूळ स्पंज मेला तरी कलिका टिकतात, व पुन्हां पाणी आलें म्हणजे त्यांतून नवा स्पंज वाढतो. या कलिकांचें कवच व त्यावरील कंटिका पाहिल्याखेरीज जातीचा निर्णय बहुधा होत नाहीं.

या शास्त्राचा एक महत्त्वाचा धडा आपल्या मुंबईंतच घडला. हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) हे तेथें डॉक्टर होते. १८४० नंतरच्या दशकांत त्यांनीं मुंबईच्या तलावांतील स्पंजांचा अभ्यास करून कांहीं नव्या जाति वर्णिल्या. त्यांतील एका स्पंजास मात्र त्यांनीं, मनांत शंका ठेवून, लामार्कनें दिलेलें 'फ्रायाबिलिस' हें जुनेंच नांव लावलें. पुढें १८६३ सालीं बोवरबँक यांनीं ती जाति वेगळी ठरविली व तिला कार्टर यांचेंच नांव दिलें. आज ती 'युनॅपिअस कार्टेरी' म्हणून ओळखली जाते. गुळगुळीत, टोकदार कंटिका आणि कलिकेभोंवतीं बहुकोनी वायुकोशांचा जाड थर, या तिच्या खुणा होत. भारतांत सर्वत्र आढळणाऱ्या स्पंजांत तिची गणना होते. १९११ सालीं ॲनन्डेल यांनीं भारतांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांवर ग्रंथ लिहिला, त्यांतही ती आहे.

नांव बदललें, तरी कार्टर यांनीं केलेलें वर्णन वायां गेलें नाहीं. म्हणून स्पंज सांपडल्यास स्थळ, तारीख, पाण्याची खोली व जिवंतपणींचा रंग तेथल्या तेथें लिहून ठेवावा, कारण स्पिरिटांत रंग उडून जातो. लहानसा तुकडाच घ्यावा, तो स्पिरिटांत ठेवावा, आणि खात्री नसेल तेथें नांवापुढें प्रश्नचिन्ह घालावें. मुंबईंतील कितीएक जुने तलाव पुढें बुजविले गेले. त्यांत काय नांदत होतें हें आज अशा टिपणांवरूनच कळतें. आपल्या गांवच्या तळ्याची नोंद मात्र तें भरलेलें असतांनाच करून ठेवणें आपल्या हातीं आहे.