विरळ हवेचे मापन करणारा फुगा

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर एका घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.2 किलो भरते. परंतु सहाशे किलोमीटर उंचीवर, जेथे वातावरण केवळ नाममात्र उरते, तेथील घनता अजमावण्यासाठी अमेरिकेने 16 फेब्रुवारी 1961 रोजी ‘एक्स्प्लोरर 9’ हा 3.66 मीटर व्यासाचा, पण जेमतेम सात किलोंचा, अ‍ॅल्युमिनियम व मायलर प्लास्टिकच्या थरांचा फुगा कक्षेत सोडला. देह विशाल आणि भार अल्प असल्याने विरळ हवेचा यत्किंचित विरोधही त्याची कक्षा आकुंचित करी, आणि त्या आकुंचनाच्या हिशेबावरून घनता काढावी, अशी ही तजवीज होती. माग काढण्यासाठी बसवलेला त्याचा रेडिओ आरंभीच बंद पडला, तरी साध्या योजनेचे बळ असे, की उपग्रहांचा माग घेणाऱ्या बेकर-नन कॅमेऱ्यांनी (त्यांपैकी एक आपल्या नैनितालला होता) ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याची छायाचित्रे टिपून काम निभावले. अखेर एप्रिल 1964 मध्ये वातावरणात शिरून तो नष्ट झाला.